बांधाबाहेरचं गाव

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हेमलता पट्टणशेट्टी इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात एकच आकडा पुन्हा तपासत होती. वर्षाला तीन सेंटिमीटर.

हेमलता मूळची निपाणीची, वय बेचाळीस. पूर्व किनाऱ्यावरच्या एका नदीच्या मुखाशी पुढच्या पन्नास वर्षांत काय होईल, याचं संगणकावर गणित मांडणं हे तिचं काम. समुद्र चढतो आहे, वरच्या धरणांनी गाळ अडवला आहे, आणि सरकारला तिथे बांध घालायचा आहे. तो कुठून न्यायचा, हे या गणितावर ठरणार.

मुखाजवळच्या गावातला वासुदेव मासेमारी करतो आणि रोज जेटीवरच्या मोजखांबावरची पाण्याची पातळी वाचून पाठवतो. दोन वर्षांपूर्वी पाणी हिशेबापेक्षा जास्त दिसू लागलं, तेव्हा त्यानंच कळवलं होतं, "मॅडम, खांब चिखलात बसला." खांब बसतातच. हेमलतानं तेवढे सेंटिमीटर वजा करायला सुरुवात केली. त्या हिशेबात गाव चाळीस वर्षं कोरडं राहत होतं. वासुदेवनं विचारलं, तेव्हा तिनं त्याला तसं सांगितलं. त्यानं पत्र्याचं घर मोडून पक्कं बांधायला काढलं.

बुधवारी जमिनीच्या उंचीची नवी मोजणी आली. शाळेचा ओटा खांबाइतकाच खाली गेला होता, देऊळही. खांब एकटाच बसला नव्हता. कोळंबीच्या तळ्यांसाठी जमिनीतून पाणी उपसलं जात होतं आणि सगळं गावच वर्षाला तीन सेंटिमीटर खचत होतं. ते खचणंच हेमलता दोन वर्षं वजा करत आली होती.

रात्रभर चाललेल्या नव्या गणितात गाव बारा वर्षांत भरतीच्या पाण्याखाली गेलं. बांध गावाच्या पुढून घालून पाहिला, तर तोही खचला. मागे, भातशेतांच्या कडेला सरकवला, तेव्हा टिकला.

"अक्का, डोळे वटारून आकडा बदलत नाही," शेजारच्या टेबलावरून अनुषा म्हणाली. "कॉफी आणू?"

"आण. तोवर त्याला फोन करते. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

वासुदेवशी ती हिंदीत बोलते. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे खांब बरोबर होता?"

"हो. चूक माझी."

"खांब बसला असं मीच बोललो होतो. एवढं शिकून माझं ऐकलंत, मॅडम?" तो हसला. मग म्हणाला, "काल स्लॅब टाकला."

"काम थांबवता येईल?"

"थांबवून राहू कुठे? पत्रे विकले."

"बांधाच्या आत जागा मिळेल?"

"आत शेतं आहेत. मासेवाल्याला कोण देतंय जागा?" त्यानं पलीकडे गवंड्याला ओरडून काहीतरी सांगितलं. "बारा वर्षं म्हणालात ना? मुलगी सहा वर्षांची आहे. तिचं लग्न या घरातून होईल. तेवढं चालेल."

त्याला कुणीतरी हाक मारली. फोन बंद झाला.

हेमलतानं वरिष्ठांना लिहिलं, की अहवालात गावाच्या पुनर्वसनाचं एक प्रकरण घालावं. तासाभरात उत्तर आलं: पुनर्वसन आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही. तिनं आणखी एकदा लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

उद्या, शुक्रवारी, अकरा वाजता बांधाच्या आखणीची बैठक आहे. हेमलतानं एकच नकाशा दाखवायचा आहे. त्यातली रेषा गावाच्या मागून जाते.