सहा जोडे

फुलंब्रीच्या मनकर्णा ढोकेनं चितेगावच्या एका कारखान्यात चार वर्षं नट-बोल्टच्या पिशव्या भरल्या. सकाळी भाकरी बांधायची, एसटीनं औरंगाबाद गाठायचं, तिथून कंपनीची बस, आणि मग आठ तास पॅकिंगच्या लांबलचक टेबलाशी उभं राहायचं. अंगावर कंपनीचा निळा डगला. त्याखाली साडी नवी की विटकी, हे कुणी विचारत नव्हतं. मनकर्णाला तेच बरं वाटायचं, कारण धड म्हणाव्या अशा साड्या तिच्याकडं दोनच होत्या.

दोन हजार एक साली पुढच्या ऑफिसातली मुलगी लग्न करून गेली आणि त्या टेबलावरचा फोन वाजतच राहिला. डबा घ्यायला म्हणून तिकडून चाललेल्या मनकर्णानं तो उचलला. पलीकडचा माणूस माल चुकल्याच्या नावानं ओरडत होता. तिनं त्याला दम धरायला लावला, कोणत्या पेटीत काय भरलं होतं ते तोंडपाठ सांगितलं आणि त्याची चूक त्याच्याच पदरात घातली. हे सगळं मॅनेजर तात्यासाहेबांनी दारात उभं राहून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला आत बोलावलं.

"बी.ए. झालीयस म्हणे?"

"व्हय साहेब. घरी बसून परीक्षा दिल्या."

"मग हा येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारपासून समोरच्या टेबलावर बस. तीन महिने बघू. जमलं तर पक्की ऑर्डर, नाही जमलं तर तुझा डगला तिकडं खुंटीला आहेच. आणि ऐक, आलेल्या लोकांना मशीनवर फिरवावं लागतं, तिथं पदर चालत नाही. ड्रेस घालायचा. रोज नीटनेटकं यायचं, ग्राहक आधी तुला बघतो, मग आमच्या बोल्टला."

मनकर्णा बाहेर आली ती हवेतच. चार वर्षं उभ्यानं काढलेल्या पायांना खुर्ची मिळणार होती. पेटीत तळाशी घडी घालून ठेवलेल्या पदवीला काही अर्थ येणार होता. पॅकिंगमधल्या साळूबाईनं मात्र बातमी ऐकताच हात कमरेवर ठेवले.

"मॅडम व्हायलीस मने, पर घालशील काय? मडमा रोज नवं घालतात. तुह्यापाशी हाय का आठवड्याचा रतीब?"

तिचं बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. मनकर्णानं आजवर ड्रेस घातलाच नव्हता. तिची सासू दगडाबाई निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसात जन्मलेली, तिला कसं सांगायचं हीच पहिली धास्ती. पण सासूनं चुलीपुढूनच निकाल दिला.

"मशीनमदी पदर गुतला आन् हात गेला, तर लोक काय नवा हात देणार हायेत? घाल बाई डरेस. नावं ठेवणारीचं तोंड मी बघते."

आता प्रश्न उरला पैशाचा. नवरा बद्रीनाथ ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. तांदळाच्या डब्यात बाराशे रुपये होते. तेवढ्यात काय बसतं हे विचारायचं तर ऑफिसातल्या मेहरुन्निसाआपांना. आपा वीस वर्षं टायपिंग करत होत्या आणि त्यांच्या कपड्याला कधी सुरकुती दिसली नव्हती. "मैं सोचके बताती," असं म्हणून त्या शुक्रवारी घरी गेल्या.

शनिवारी ऑफिसाला सुट्टी, पॅकिंगला नाही. म्हणून आपांनी फुलंब्रीला काकासाहेबांच्या किराणा दुकानात फोन लावला. फोनवर आली दगडाबाई.

"मनकर्णाला सांगा, सहा जोडे लागतील. कमीत जमणार नाही. उद्या मी औरंगाबादला शहागंजच्या बाजारात भेटते तिला."

"सहा?" दगडाबाई म्हणाली. "आवो, पाय तर दोनच हायेत तिला."

लाईन खरखरत होती. आपांना वाटलं, म्हातारी काहीतरी चेष्टा करतेय. त्या हसल्या आणि फोन ठेवला.

आपांच्या घरच्या बोलीत जोडा म्हणजे सलवार, कमीज आणि ओढणी, असा पुरा पोशाख. दगडाबाईच्या बोलीत जोडा पायात घालायचा असतो. त्या दिवशी नेमका गावचा बाजार होता. शहरातले दुकानदार अडाणी माणसाला लुटतात, हे दगडाबाईचं पक्कं मत. तिनं डबा उपडा केला, सुनेची जुनी चप्पल मापाला घेतली आणि बाजारात जाऊन घासाघीस करकरून घसा बसवून आली.

संध्याकाळी मनकर्णा घरी आली तर ओसरीवर ओळीनं सहा जोडे. काळे, तपकिरी, पट्ट्याचे, बंद, एक तर सोनेरी टिकल्यांचा.

"हे काय वो आत्याबाई?"

"तुह्या कंपनीचं खूळ. सहा सांगितले, सहा आणले. साडेसहाशेत! शहरात हजाराच्या खाली कुणी दिलं असतं?"

मनकर्णा ओसरीवर जोड्यांशेजारी बसली. आधी रडू आलं, मग सोनेरी टिकल्यांकडं लक्ष गेलं आणि हसू फुटलं. जोड्याचा अर्थ कळला तशी दगडाबाई तरातरा बाजारात परत गेली. दुकान आवरणाऱ्या माणसानं हात जोडले. "आजी, जोडा आन् जावई, घरात नेला की वापस घेत नाय आमी."

दगडाबाई रात्री जेवली नाही. "म्या तुह्या खुर्चीचं वाटोळं केलं," एवढंच म्हणाली. तिला तसं बसलेलं मनकर्णानं कधी पाहिलं नव्हतं. "काळा जोडा मला लागणारच होता की," सुनेनं समजूत काढली.

रविवारी शहागंजात हे ऐकून आपा घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभ्या राहून डोळ्याला पाणी येईपर्यंत हसल्या. "अगे, हस-हसके पेट दुखरा मेरा!" मग मनकर्णाचं तोंड बघून गप्प झाल्या. "कितने बचे?"

"साडेपाचशे."

"इत्ते में तीन जोडे मुश्किल से होते. सहा तो भूलच जा."

दुकानात तीन-तीन तुकड्यांची पाकिटं टांगलेली होती. एकाच फुलांची कमीज, त्याच फुलांची ओढणी, जुळती सलवार. मनकर्णा पाकिटं बघत राहिली. ही सलवार त्या कमिजेखाली चालत नव्हती, ती ओढणी दुसऱ्या कशावर नाही. तिला पॅकिंगचं टेबल आठवलं. एका मापाचा बोल्ट, त्याला कुठलाही नट बसतो, खाली कुठलाही वॉशर चालतो. म्हणून तर थोड्या मालातून इतक्या तऱ्हेच्या पिशव्या भरता येतात. आणि इथं प्रत्येक बोल्टला आपलाच एक नट, दुसऱ्याला हात लावू देत नाही!

"भाऊ, हे पाकीट फोडून एकेक तुकडा द्या की."

"बाई, जोडा मोडत नाय आमी," दुकानदार म्हणाला.

"आपा, चला. आपल्याला जोडा नकोच."

"तो क्या पहनेगी? गोणी?"

"सुटे तुकडे घेऊ. पर कुठलाबी तुकडा कुठल्याबी तुकड्यावर बसला पायजे. नाय बसला तर घ्यायचाच नाय."

आपा दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. "या अल्ला," म्हणाल्या आणि तिला ओढतच कट-पीसच्या हातगाड्यांकडं घेऊन गेल्या. सगळी दुपार तिथं गेली. खालच्याला काळा, बदामी आणि राखी. वरच्याला गर्द निळा, आमसुली, बाटलीहिरवा आणि मोहरी. ओढण्या दोनच, एक पांढऱ्यावर बारीक काळ्या ठिपक्यांची, दुसरी बदामी, काठाला चारी रंगांची बारीक रेघ. ती शोधायलाच तास गेला. एका गाडीवरचा मोठ्या गुलाबांचा तुकडा आपांना फार आवडला, पण मनकर्णा हटली नाही.

"फूल लोकांच्या ध्यानात ऱ्हातं आपा. साधा रंग इसरतात."

आपांची बहीण सगीरा शिवणकाम करायची. तिनं मशीनवर बसूनच कापड चोळून पाहिलं. "मोहरी कच्चा रंग है. पहले नमक के पानी में रख, नाय तर सगळ्यांना पिवळं करेल." कमरेला सगळीकडं एकच माप, बाह्या कोपराखाली आणि उजवीकडं खिसा. खिशावर सगीरा अडली. बायकांच्या ड्रेसला खिसा कशाला? "पेन, गेटपास आन् बसचे सुट्टे," मनकर्णा म्हणाली. शिलाई हप्त्यानं द्यायची ठरली. मधल्या दिवसांत दगडाबाईनं गल्लीतल्या बायकांना चार जोडे गळ्यात मारले. सोनेरी टिकल्यांचा तर नवरीला विकला, दीडपट भावानं. त्यातून इस्त्री आली.

ठरल्या सोमवारी मनकर्णा खुर्चीवर बसली ती निळ्या कमिजेत, काळ्या सलवारीत. मंगळवारी आमसुली आणि बदामी. काचेपलीकडून पॅकिंगच्या बायका बघत होत्या. पहिल्या आठवड्यात साळूबाईनं कुत्सितपणे बोटं मोडली, "आता संपले आसतील." दुसऱ्या आठवड्यात तिनं मोजायला सुरुवात केली. टेबलावरचं कामही मनकर्णाच्या हाती चांगलं बसलं. कोणता ग्राहक कुठल्या मापावर अडतो, हे तिला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

तिसरा महिना सरत आला आणि तात्यासाहेबांनी तिला बोलावलं. त्यांचा चेहरा बरा नव्हता.

"मनकर्णाबाई, काम उत्तम आहे. म्हणूनच सरळ विचारतो. तुझ्याकडं अठरा-वीस ड्रेस आहेत असं पॅकिंगमध्ये बोललं जातंय. मलाही तसंच दिसतंय. तुझ्या पगारात हे बसत नाही. माल पुरवणारे लोक तुझ्याच टेबलावरून आत येतात. कुणाकडून काही घेतेस का?"

मनकर्णाची कानशिलं तापली. शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती एवढंच म्हणाली, "साहेब, उद्या जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या टेबलावर या. सगळे कपडे दाखवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅकिंगच्या टेबलाभोवती कोंडाळं झालं. तात्यासाहेब आले, आपा आल्या. मनकर्णानं एका कापडी पिशवीतून कपडे काढून ओळीनं मांडले. तीन कमिजा, दोन सलवारी, एक ओढणी. बाकीचं अंगावर. पिशवी उलटी करून झटकली.

"बाकीचे?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"नाय. एवढेच. नऊ तुकडे."

"थट्टा करू नकोस. मी स्वतः..."

"साहेब, आपल्या चार बोल्टला तीन नट आन् दोन वॉशर बसतात. किती तऱ्हेच्या पिशव्या भरतो आपण?"

"चोवीस," ते सवयीनं बोलून गेले. मग त्यांची नजर टेबलावर आली. त्यांनी हिरवी कमीज राखी सलवारीवर ठेवली, मग बदामीवर, ओढणी बदलून पाहिली. बोटं हलत राहिली आणि भुवया वर चढत गेल्या. आमसुलीशी पोचेपर्यंत ते विसरले होते की आपण चौकशीला आलोय.

"आन् म्या येडी रोज नवा डरेस मोजत बसले!" साळूबाईनं कपाळावर हात मारला. "ए मने, तुह्यामुळं माझी दोनदा पिशव्यांची मोजणी चुकली!"

सगळा हॉल हसला. तात्यासाहेब हसले नाहीत. त्यांनी कपडे स्वतः घडी करून तिच्यापुढं ठेवले.

"माझं चुकलं, मनकर्णाबाई. सगळ्यांसमोर म्हणतो, कारण सगळ्यांत तुझं नाव खराब झालं होतं." मग आपांकडं वळून म्हणाले, "पक्की ऑर्डर टाइप करा. आजच्याच तारखेची."

आपांनी ती दोन मिनिटांत टाइप केली, एकही चूक न करता. साळूबाईनं येत्या रविवारी शहागंजात आपल्यासोबत यायचं मनकर्णाला कबूलच करायला लावलं, आणि मागून आणखी तिघींनी नावं दिली.

सही करताना तात्यासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग उद्या काय घालणार?"

मनकर्णानं ऑर्डरची घडी खिशात घातली. बाहेर टेबलावरचा फोन वाजत होता.

"उद्या बघा की साहेब," ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीकडं चालू लागली.