समेवर बटण

रविवार, १२ नोव्हेंबर १९९५. सकाळचे आठ. लखनौच्या नख्खास बाजारात, जुने कॅमेरे मांडलेल्या एका चादरीपुढे मी उकिडवा बसलो होतो. त्या संध्याकाळी पत्नी मराठी मंडळाच्या दिवाळी संमेलनात नाट्यगीत म्हणणार होती. मला तिचे छायाचित्र हवे होते आणि मी तिला दिसता कामा नये, अशी तिची अट होती.

अटीला कारण होते. आदल्या वर्षी मी पहिल्या रांगेत कॅमेरा घेऊन बसलो असता ती दुसऱ्या कडव्यात अडखळली आणि थांबली. घरी आल्यावर म्हणाली, "तुम्ही समोर असलात की वाटतं, पेपर तपासायला घेतलाय." त्यानंतर कित्येक महिने तिने तानपुऱ्याची गवसणी काढली नाही. यंदा ती तयार झाली, पण बजावूनच. "दिसलात, तर गाणं तिथेच सोडीन."

सभागृहाला मागे सज्जा होता. तेथून माझ्या साध्या लेन्समध्ये ती आगकाडीएवढी दिसली असती. नवी झूम लेन्स घेण्याची माझी ऐपत नव्हती. विक्रेत्याने ऐंशी ते दोनशे मिलिमीटरची एक जुनी, स्वस्त झूम लेन्स पुढे केली. कॅमेऱ्यावर आटे नीट बसले. काचेच्या कडेला मात्र बुरशी होती.

"बाबूजी, शरीफ़ फफूँद है," तो म्हणाला. "किनारे बैठी है, बीच में दख़ल नहीं देती."

मानकनगरच्या रेल्वे क्वार्टरवर परतल्यावर हे पत्नीला सांगितले. ती हसली. "तुम्हीही तसेच बसा."

दुपारी लेन्स तपासली. तिचे कडे मागे ओढले की वस्तू जवळ येई, पुढे ढकलले की दूर जाई. वयोमानाने ते सैल झाले होते. लेन्स खाली रोखताच कडे आपल्याच वजनाने पुढे घसरे. सज्ज्यातून तर ती खालीच रोखावी लागणार होती. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा शोधू लागलो. पत्नीने वेणीचे काळे रबर काढून पुढे धरले.

"हे लावा. आणि आठवणीने परत द्या. काळं एकच आहे."

रबराने कडे जागेवर राहिले. उरला कॅमेऱ्याचा खटका. शांत सभागृहात तो तिला ऐकू गेला असता. महिनाभर भिंतीपलीकडून तिचा रियाज कानावर पडत होता. गाण्यातले मला काही कळत नाही, पण सम कोठे येते हे पाठ झाले होते. तबल्याची थाप पडेल तेव्हाच बटण दाबायचे, असे ठरवले.

संध्याकाळी सज्ज्याच्या शेवटच्या बाकावर बसलो. पहिले कडवे ठरल्याप्रमाणे पार पडले. शेजारी तबलजीचे वृद्ध काका होते. ते माझ्याकडे झुकले.

"जनाब, हर सम पर आपका सिर झुकता है। गाते हैं?"

"जी नहीं। रेलवे में हूँ।"

"ख़ैर," ते म्हणाले, "सुनना भी हुनर है।"

दुसरे कडवे सुरू झाले. लेन्समध्ये तिचा चेहरा भरून होता. गाता गाता तिने मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिले. मी बटणावरचे बोट उचलले. सम आली, गेली. कॅमेरा खाली घेतला असता तर हालचाल दिसली असती, म्हणून तसाच धरून राहिलो. तिने तीच ओळ पुन्हा घेतली, या वेळी वरच्या पट्टीत, आणि पुढे गेली. पुढच्या समेवर मी बटण दाबले.

गाणे पूर्ण झाले. काका मोठ्याने दाद देत होते. मी लेन्सला झाकण लावले.

परतताना स्कूटरवर मागून ती म्हणाली, "सज्ज्यात होतात."

"थांबली नाहीस."

"कॅमेऱ्यामागे चेहरा कुठे दिसत होता? नुसतं टक्कल दिसत होतं. त्याला कोण घाबरतं!"

घरी आल्यावर फिल्म गुंडाळून डबीत भरली. मग लेन्सवरचे रबर काढले, धुऊन पुसले आणि तिच्या कंगव्याशेजारी ठेवले.