हनुवटीवरचे पाच ठिपके

भूत, भानामती, अंगात येणं… असल्या गोष्टींना माझ्या घरात किंवा शाळेत कधीच जागा नव्हती. शाळेमागच्या चिंचेवर काहीतरी आहे म्हणून मुली तिकडं फिरकेनात, तेव्हा चौथीचा वर्ग मी आठवडाभर त्याच चिंचेखाली भरवला होता. त्यामुळं पुढचं लिहिताना माझं मलाच अवघड जातंय. पण मला सगळं वहीत टिपून ठेवायची सवय आहे – वार, वेळ, कोण काय म्हणालं. ती वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे. जे वहीत नाही, ते इथंही नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी सिंदेवाहीला मुलींच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका. वय त्रेचाळीस, नवरा जाऊन अठरा वर्षं झालेली. घरी बाबा आणि मी. बाबा जंगलखात्यात नाकेदार होते, आता पेन्शनवर. आई त्याच वर्षी फाल्गुनात गेली.

आईचा एकही फोटो नव्हता. नोकरी लागल्यापासून मी चारदा तिला म्हटलं असेल की चांद्याला जाऊ, शेजारी शेजारी बसून फोटो काढू. चारही वेळा काहीतरी आडवं आलं. एकदा गुडघा, एकदा व्यालेली गाय… शेवटच्या खेपेला तर ती चिडलीच. “तुह्यासोबत तर मले बसाचंच नाई,” म्हणाली. मला वाटलं, लाजते.

वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो हवा होता. चांद्याला जटपुरा दरवाज्याजवळ एक स्टुडिओ आहे, तिथल्या फोटोग्राफरना सगळे मास्टर म्हणतात. आषाढात मी चौकशीला गेले. मास्टरांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

“फोटो नाई ना? मंग लेकीवरून काढू. असे लय काढले आमी. तोंडवळा कोनावर गेला तुमचा?”

“आईवर. सगळे तसंच म्हणतात.”

“झालं मंग! तिचं लुगडं आना, नथ आना. सुरकुत्या मी पेन्सिलीनं भरतो. पाहनाऱ्याले वाटन, मायच बसली.”

तान्ह्या पोळ्याची सुट्टी साधून मी पुन्हा चांद्याला गेले. सकाळी अकराचा सुमार. आईचं हिरवं लुगडं, तिची नथ, तिचं मंगळसूत्र. आई सवाष्ण गेली, म्हणजे कुंकू हवंच. मास्टर म्हणाले, मागाहून काचेच्या प्लेटवर काढता येईल. मी म्हटलं, खरंच लावते. त्यांनी आरसा हातात दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. अठरा वर्षांनी मी कपाळाला बोट लावलं.

मागं तळ्याचा आणि कमानीचा रंगवलेला पडदा. रस्त्यावर पोरं लाकडी बैल ओढत होती, चाकांचा खडखडाट आत ऐकू येत होता. मास्टर काळ्या कपड्याखाली गेले. “आता हलू नका.” आणि माझ्या हनुवटीला लाल मुंगी चावावी तसं टोचलं. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा… मी सहन केलं. पाचव्यांदा मात्र हनुवटी हललीच.

“हल्ल्या ना बाई!” मास्टर ओरडले. त्यांनी दुसरी प्लेट घातली. या वेळी काही चावलं नाही. उठल्यावर मी स्टुलाखाली मुंग्या शोधल्या, एकही नव्हती. वहीत लिहिलं – ‘स्टुडिओत मुंग्या, दोन प्लेटा लागल्या.’

पंधरा दिवसांनी फोटो पोस्टानं आला. काम उत्तम होतं. तपकिरी रंग, कडेला धूसर होत गेलेला पडदा, आणि मधोमध आईच्या लुगड्यात बसलेली पासष्टीची बाई, माझ्याच डोळ्यांनी माझ्याकडे बघणारी. फक्त हनुवटीवर पाच काळे ठिपके होते. चार एका ओळीत आणि पाचवा खाली डावीकडे घसरलेला.

पुढच्या रविवारी फोटो घेऊन मी चांदा फोर्ट स्टेशनवर उतरले. मास्टरांनी दोन्ही प्लेटा खिडकीसमोर धरल्या. मी हलले होते त्या प्लेटवर चेहरा पुसट होता, पण ठिपके स्वच्छ. दुसरीवर सगळंच स्वच्छ.

“धूळ म्हनावं त धूळ दोन्ही प्लेटांवर एकाच जागी कशी बसन? आन् तोंड हललं, त ठिपके काऊन नाई हलले?”

“तुम्ही पेन्सिलीनं भरा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्यासमोर प्लेटवरचे ठिपके भरले आणि माझ्यासमोर कागद छापला. ठिपके होतेच. पुन्हा भरले, पुन्हा छापला. मग मास्टरांनी प्लेट टेबलावर ठेवली आणि मोरीवर जाऊन हात धुतले.

“मास्तरीनबाई, माहं काम इथवरच.”

फोटो असाच लावावा की नाही, हे मी एकटीनं ठरवायचं नाही असं ठरवलं. आईला ओळखणाऱ्यांना आणि न ओळखणाऱ्यांनाही दाखवून मतं घ्यायची, वहीत मांडायची आणि मग काय ते करायचं. डावीकडे नाव, उजवीकडे मत. दिवाळीच्या सुट्टीत तेच केलं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिनं फोटो लांब धरला, जवळ धरला.

“लुगड्याचा काठ मस्त उतरला व माय!”

“आणि चेहरा?”

“चेहरा काय, चेहऱ्यासारखा चेहरा.”

“आत्या, हनुवटीवर हे ठिपके आलेत बघ. वाईट दिसतात का?”

“माह्या डोळ्याले काय दिसते बाप्पा आता! पान लाव एक.”

आणि हीच आत्या त्या दुपारी माझ्या ओसरीवर बसून तांदळातले खडे वेचत होती. एक खडा सुटला नाही.

मामा म्हणाला, “नाक बराबर आहे. फ्रेम सागाचीच कर, दुसरी करू नोको.” ठिपक्यांचं विचारलं तर त्याला एकदम बैलाला पाणी पाजायचं आठवलं. आईची जुनी शेजारीण हातांविषयी बोलली, बांगड्यांविषयी बोलली, आईच्या हातच्या आंबाडीच्या भाजीविषयी बोलली.

शाळेतल्या शिपाईण गिरजाबाईला दाखवला, तर तिनं पहिलंच विचारलं, “अवं बाई, हनोटीले काय झालं?” पोस्टमास्तरांच्या बायकोनं पदराच्या टोकानं ते ठिपके पुसूनच पाहिले.

एकूण एकोणीस मतं जमली. एका रविवारी मी ती वेगळी काढायला बसले. सहा जणांनी सगळ्यात आधी ठिपके दाखवले होते. ते सहाही अलीकडे बदलून किंवा लग्न होऊन सिंदेवाहीला आलेले. उरलेले तेरा आमचं घर माझ्या जन्मापासून ओळखणारे. त्या तेरांपैकी एकानंही ठिपक्यांचा उल्लेख केला नव्हता, विचारल्यावरसुद्धा नाही. शाळेत काही चोरीला गेलं आणि वर्गाला ठाऊक असलं की नेमक्या त्या प्रश्नाला सगळ्यांना तहान लागते. मी वीस वर्षं शिकवते आहे, मला ती तहान कळते.

विसावे बाबा. त्यांना मी मुद्दाम शेवटी दाखवला. त्यांनी तो हातात घेतलाच नाही.

“पुसून आन.”

“निघत नाहीत बाबा. मास्टरांनी दोनदा प्रयत्न केला.”

“मंग नोको लावू,” म्हणाले आणि काठी घेऊन बाहेर पडले.

महाशिवरात्रीला मी मार्कंड्याला गेले. आई लहानपणी मला दर वर्षी त्या जत्रेला न्यायची. तिच्या नावानं वैनगंगेत दिवा सोडायचा होता. फोटो बरोबर घेतला होता. दर्शन करून वाळूत उतरले, फोटो टोपलीला टेकवून उभा केला आणि वाती काढायला लागले. जंगलातल्या गावांमधून बायका चारोळी, मध, मोहफुलं विकायला येतात. त्यातली एक म्हातारी समोर येऊन बसली. मला वाटलं चारोळी खपवायची असेल.

“रैनीचा फोटो कोनी काढला?” तिनं विचारलं.

“कोण रैनी?”

तिनं फोटोकडे बोट केलं. मग माझ्याकडे बघितलं. कपाळ, डोळे, मग कितीतरी वेळ माझी कोरी हनुवटी.

“तू नाकेदाराची पोरगी.”

मी हो म्हटलं.

“रैनी माही मोठी बहीन. नाकेदारानं तिले नाक्यावर कामाले ठेवलं होतं. त्याची बायको चांगली होती, पन तिले लेकरू नोहतं. रैनीले तू झाली. बदली झाली तवा बैलबंडीत सामान भरलं, त्यात तुले बी घेतलं. रैनी बंडीच्या मागं मागं नदीवरी गेल्ती.”

“तिला विचारलं होतं का?”

म्हातारी हसली. “नाकेदार कोनाले इचारते व बाई?”

मी फोटोतल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. तिला समजलं.

“गोंदनारीनं चार टोचे देल्ले, थे गप राह्यली. पाचव्याले हल्ली. मंग आमी किती दिस हासत होतो तिले!”

रैनी आता कुठं आहे, हे मी विचारलं. मेली, म्हणाली. कधी? तारीख तिला कुठून माहीत असणार! पण खालच्या गावात पोरं लाकडाचे बैल फिरवत होती, त्याच वर्षीचा तान्हा पोळा होता, हे तिला नीट आठवत होतं. मी वेळ विचारली. असं कुणी विचारत नाही हे मला ठाऊक आहे… पण विचारली. तिनं हात वर करून आभाळात एक जागा दाखवली. सूर्य डोक्यावर यायला थोडा अवकाश असतो, ती जागा.

उठताना म्हणाली, “दरसाली याची थे इथी. तुले पाहाले. तू लहान होती तवा तुह्या मुठीत चारोई देऊन जाची.”

जे वहीत नाही ते इथं नाही, असं वर लिहिलंय. हे एक वहीत नाही. जत्रेच्या गर्दीत कुणीतरी माझी मूठ उघडून काहीतरी घालायचं, आणि आई ती मूठ पुन्हा उघडून सगळं वाळूत सांडायला लावायची. मग माझा हात इतका घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची. मला वाटायचं, मी हरवेन म्हणून धरते.

घरी येऊन मी बाबांसमोर बसले. रैनीची बहीण भेटल्याचं सांगितलं. त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

“तुही माय एकच,” म्हणाले. “जे तुले वाढवून गेली थे.”

“मग मार्कंड्याला ती दरवर्षी कुणाला बघायला यायची?”

“थंडी वाजून राह्यली. दार लाव.”

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर ऊन भाजत होतं. मी दार लावलं.

वर्षश्राद्धाला भिंत रिकामी होती. पाटावर तांब्या आणि त्यावर नारळ ठेवला. त्या तेरांपैकी अकरा जण जेवायला आले. पंगतीत आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “फोटो नाई लावला काऊन व? काठ किती मस्त उतरला होता!” मी तिला आणखी भात वाढला.

त्रेचाळीस वर्षं त्या माणसांनी माझ्या तोंडाकडे बघत “अगदी आईवर गेली” म्हटलं. कुणी न विचारताच म्हणायचे, आता आठवतं. आणि आईवर रागवावं तर तिनं मला तापात रात्र रात्र मांडीवर घेतलंय, माझ्या शिक्षणासाठी बाबांशी भांडली आहे. तिचा मात्र एकही फोटो नाही, आणि आता होणारही नाही. जिच्या घरचा रस्ता मला ठाऊक नव्हता, तिचा आहे.

ठिपक्यांबाबत मी शक्य ते सगळं केलं. नागपूरला एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना दोन्ही प्लेटा दाखवल्या. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि काचेतला दोष म्हणाले. दोन वेगवेगळ्या काचांत एकच दोष कसा, असं विचारल्यावर त्यांनी प्लेटा नीट गुंडाळून परत दिल्या. मास्टरांना मी रैनीचं सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं, हे पहिलंच. कुणी जाणकार वाचत असेल तर जरूर कळवावं.

फोटो सागाच्या फ्रेममध्ये माझ्या खोलीत लावलाय, दारासमोरच्या भिंतीवर. बाबा तेव्हापासून माझ्या खोलीत येत नाहीत. जेवण झालं का विचारायचं असलं, तर ओसरीवरून हाक मारतात.