मेस्त्रींची मुलाखत आणि सासूबाईंचा चहा

मशीन उघडल्याशिवाय मेस्त्री तोंड उघडत नसत. शिवणकारखान्यातली मशीनं दुरुस्त करणारा हा माणूस. काय बिघडलंय असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, बघावं लागेल. त्यांच्या उस्तादांनी वळणच तसं लावलं होतं. आत न बघता बोलेल तो मेस्त्री नव्हे, ज्योतिषी! कारखाना चालू होता तोवर हे शोभलं. त्याला टाळं लागलं आणि तेच वळण मुळावर आलं.

नोकरी मागायला जातील तिथे साहेब विचारायचा, नवी मशीनं येतात का, एवढा व्याप झेपेल का. मेस्त्री म्हणायचे, बघावं लागेल. साहेबाला वाटायचं, याला काही येत नाही. आता काय म्हणावं या माणसाला! अंगात कसब आणि तोंडाला कुलूप. प्रत्येक ठिकाणाहून हात हलवत परतले. शेवटी एकदा जेवताना लेकीनं सांगून टाकलं, की पुढच्या महिन्यापासून कॉलेज बंद, ती कापडाच्या दुकानात कामाला जाणार.

घरात सासूबाई होत्या. सासू-जावयाचं बोलणं म्हणजे पाणी तापलंय आणि बरं, एवढंच. पण या बाईंनी उभी हयात एका मोठ्या कचेरीत शिपायाचं काम केलेलं. मुलाखती चालू असल्या की चहाचा ट्रे घेऊन आत जायच्या. कोण निवडलं जाणार हे आपल्याला कप ठेवता ठेवता कळायचं, असं त्या सांगत. यात फुशारकी थोडी असेलही, पण सगळीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात भिंतीला खुर्ची लावली, चष्मा नाकावर ओढला आणि फर्मावलं, मी साहेब, तुम्ही उमेदवार, या आत. मेस्त्री दारातच घुटमळले. सासूबाईंपुढे खुर्चीत बसायचं त्यांच्या अंगवळणी नव्हतं. बायको भाजी चिरता चिरता हसू दाबत होती.

सासूबाईंनी आधी त्यांना जुन्या सोबत्यांना फोन करायला लावले. काम मागायला लाज कसली, चोरी का करतोय आपण? मग सुरू झाली तालीम. मेस्त्रींच्या तोंडून बघावं लागेल निघालं, तसा त्यांनी हात वर केला.

"ते खरंच आहे, जावईबापू, ते सोडू नका. पण कुठे बघणार, कसं बघणार, हे सांगायला काय जातं? आणि येतं येतं म्हणू नका. एकदा काय केलंत, ते सांगा."

त्याच फोनांतून बातमी आली. काजबटणाच्या विभागातली जुनी सुपरवायझर आता दुसऱ्या कारखान्यात होती, तिथे मेस्त्री हवा होता. देव तिचं भलं करो, तिनं स्वतः शब्द टाकला.

मुलाखतीला एक मॅनेजरबाई होत्या. त्यांनी विचारलं, एकाच मशीनवर दोरा सारखा तुटतोय, काय असेल? मेस्त्रींच्या जिभेवर जुनं उत्तर आलं. ते त्यांनी येऊ दिलं.

"बघावं लागेल," ते म्हणाले. "आधी सुई बघीन, मग दोऱ्याचा ताण."

आणि मग गाडी रुळावर आली. एकदा जुन्या कारखान्यात असंच बाकीचे सगळे दोऱ्याचा ताण सैल करत बसले होते, दोरा तुटायचा थांबेना. यांनी सुईखालच्या पट्टीच्या भोकावरून बोट फिरवलं, तर कड खरखरीत लागली. बारीक पॉलिश पेपरनं घासली, मशीन सुरळीत चाललं. बाईंनी आणखी विचारलं, मेस्त्रींनी आणखी सांगितलं. बाहेर पडले तेव्हा हातात नेमणुकीचं पत्र होतं.

घरी येऊन त्यांनी आधी लेकीला बजावलं, दुकानवाल्याला नाही म्हणून कळव. लेक त्यांच्या गळ्यात पडली. मग ते स्वयंपाकघरात गेले. भांडी वाजू लागली तशी बायको उठली, तिला त्यांनी खुणेनं बसवलं.

सासूबाई भिंतीजवळच्या त्याच खुर्चीत होत्या. मेस्त्री ट्रेमध्ये चहाचा कप घेऊन आले आणि दाराशी उभे राहिले. आभार कसे मानायचे याची तालीम झालीच नव्हती.

"आई, तुम्ही होतात म्हणून," एवढंच त्यांना जमलं.

सासूबाईंनी कप घेतला. इतकी वर्षं ट्रे त्यांच्या हातात असायचा. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि समोरची खुर्ची पायानं पुढे सरकवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "स्वतःला नाही आणलात का चहा?"