पत्त्यांपुढे गप्प राहिलेली मुलगी: देवरुखजवळचे पाच दिवस

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. पुण्यात सोळा वर्षं बालवाडी चालवल्यावर बालशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं, आणि छोटं का होईना, एक संशोधन करणं भाग पडलं. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, स्वतःच्या वर्गातली मुलं तुम्हाला इतकी सवयीची झालीत की ती आता दिसायचीच नाहीत. कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जा, पाच दिवस बसा आणि दिसेल ते लिहा. त्यांच्या ओळखीतल्या एक अंगणवाडी सेविका देवरुखजवळ होत्या. डिसेंबरचा पहिला आठवडा ठरला.

जाणाऱ्यांसाठी सांगते. स्वारगेटहून आंबा घाटमार्गे जाणारी रत्नागिरीची एसटी घ्यायची, साखरप्याला उतरायचं आणि देवरुखची गाडी पकडायची. बायकांना अर्धं तिकीट. घाटात खिडकीशी बसा, पण गोळी घेऊन. मी घेतली नाही आणि मलकापूरला खाल्लेली मिसळ महागात पडली. मुक्काम देवरुखच्या स्टँडजवळच्या साध्या लॉजवर केला. खाली खानावळीत तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी मिळायची. गावाकडे जाणारी एसटी सकाळी एक आणि दुपारी एक. वेळ चौकशीच्या खिडकीवरच विचारा, फोनवर दिसते ती बरोबर नसते.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आणि पुढची नावंही बदलली आहेत. का, ते कळेलच.

अंगणवाडी म्हणजे जांभ्या चिऱ्याची एक खोली, पुढे सारवलेलं अंगण, मुलं चौदा. सेविका वैशालीताई माझ्याच वयाच्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मी बसले, हीच पहिली चूक. मांडीवर फळी, फळीवर तक्ता, हातात चित्रांचे पत्ते. एकेका मुलाला बोलवायचं, पत्ता दाखवायचा, "हे काय?" विचारायचं आणि उत्तर लिहायचं. स्वरा नावाची चार वर्षांची मुलगी आली, बारा पत्ते बघितले आणि परत गेली. मी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं.

दुपारी तिची आई सुप्रिया तिला न्यायला आली. मी सहज म्हणाले, "फारसं बोलत नाही का ही?" ती लेकीचा हात धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी स्वरा आली नाही. खिचडी वाढताना वैशालीताईंनी सांगितलं, सुप्रिया सकाळच्या गाडीने तिला देवरुखला डॉक्टरकडे घेऊन गेली. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या पोरीला बोलता येत नाही, म्हणून. नवरा मुंबईला, घरात म्हातारी सासू, भातझोडणी उरकायची होती, आणि ती सगळं टाकून गेली होती. वैशालीताई रागावल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही बघायला आलात की तपासायला?"

त्या रात्री मला बाईंना फोन करून परत येते म्हणायचं होतं. पण गेले असते तर ते शून्य तसंच राहिलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी फळी आणि पत्ते लॉजवरच ठेवले. एक साधी वही घेतली आणि अंगणाच्या कडेला, तुळशीजवळ, जमिनीवर बसले. तासाभराने मुलं मला विसरली. स्वरा आली होती. डॉक्टरांनी कान तपासून पोरगी ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि तिचं बरोबरच होतं.

साडेअकराच्या सुमारास तिने खेळातला एक लाकडी ठोकळा उचलला, कानाला लावला आणि पायरीवर बसली.

"हॅलो पप्पा. जेवलाव काय? आजीचा पाय दुखतो. भात झोडून झाला. तुमी आलाव की आपण पुळ्याला जाऊ, पण मी पान्यात नाय जानार."

मग गप्प बसून पलीकडचं ऐकलं, मान डोलावली, पुन्हा बोलली. गणपतीपुळ्याला कोण कोण येणार, मांजरीला पिल्लं किती झाली, सगळं. मी लिहीतच होते. ज्या मुलीपुढे मी शून्य लिहिलं होतं, ती 'असं झालं तर तसं करू, पण अमुक नाही' अशी वाक्यं जोडत होती. पत्त्यांवरच्या सफरचंदाबद्दल तिला काही सांगायचं नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी वैशालीताईंबरोबर तिच्या घरी गेले. आधी माफी मागितली. सुप्रियाने चहा ठेवला, पण नजर चुलीकडेच. म्हणाली, "सगळी वाट मी इचार करत होते, माझाच काय चुकला."

मी वही उघडून म्हटलं, तुमच्या मुलीचं मी जे लिहिलंय ते ऐका, आणि नको असेल ते सांगा. मी वाचत गेले तशी ती जवळ सरकली. मांजरीपाशी हसली. मग एका वाक्याला एकदम थांबवलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, "ह्या तिचा नाय, माझा हाय. मी ह्यांना फोनवर बोलते ता. ता नका लिवू."

ते वाक्य त्या सगळ्या पानांतलं सर्वांत सुंदर होतं. मी तिच्यासमोर खोडलं, खाली काही वाचता येणार नाही असं. बाकीचं राहू दे म्हणाली. निघताना तिने घावणे बांधून दिले.

उरलेले दोन दिवस मी प्रत्येक आईला वहीतलं वाचून दाखवलं. कामाचा वेग निम्म्यावर आला, पण माझ्या चुका आयांनीच दुरुस्त केल्या. मी ज्याला भांडण लिहिलं होतं, तो लग्नाच्या वरातीचा खेळ होता.

शनिवारी परतताना मुद्दाम वाट वाकडी करून रत्नागिरीला गेले. स्टँडवरून रिक्षाने भाट्याचा समुद्रकिनारा दहा-पंधरा मिनिटांवर. सुरूंच्या सावलीत बसून दोन तास टिपणं स्वच्छ उतरवली. वारा फार, कागदावर चपला ठेवा.

पुण्यात बाईंना मी त्या खोडलेल्या वाक्याबद्दलही सांगितलं, म्हणजे असं एक वाक्य होतं एवढंच. त्या म्हणाल्या, प्रबंधात लिहा की एक वाक्य आईच्या सांगण्यावरून वगळलं. बाकी काही विचारलं नाही.

मग मी माझ्या बालवाडीची जुनी प्रगतिपत्रकं काढली. सोळा वर्षांचे शेरे: अबोल, हट्टी, चुणचुणीत. त्या मुलांनी काय केलं होतं, ते एकाही पानावर नव्हतं. वाईट वाटलं, पण सोमवार उद्याच होता.

सोमवारी माझ्या बालवाडीत ठोकळ्यांच्या कोपऱ्यात खाली बसले. ईरा नावाची मुलगी काहीतरी रचत होती. मी लिहिलं, ईरा घर बांधते आहे. तिने विचारलं, काय लिहिता? मी वाचून दाखवलं.

"घर नाही ताई, दुकान आहे," ती म्हणाली. "आणि आज बंद आहे."

मी 'घर' खोडलं आणि तिने सांगितलं तसं लिहिलं.