बंद दारावरची टकटक

डिझेलचा वास आला की मी आजही आधी दार कुठे आहे ते बघतो. परवा दोह्यात, बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटशेजारच्या बांधकामावर जनरेटर सुरू झाला आणि वास घरभर पसरला. नेमकी तेव्हाच माझी सहा वर्षांची नात ऋता बाथरूममध्ये अडकली. लॅच फिरेचना. वॉचमन म्हणाला, "अंकल, दस मिनट. आदमी आ रहा है, इन्शाल्ला."

इथली दहा मिनिटं मला चांगलीच माहीत आहेत.

विशीत असताना नौदलाने आम्हाला पाणबुडी शिकायला सोव्हिएत रशियात पाठवलं होतं. एकदा खोल पाण्यात आमच्या कप्प्यात आग लागली. नियमाप्रमाणे लोखंडी दार बाहेरून बंद झालं. पाणबुडी वाचवायची तर आग विझेपर्यंत ते उघडायचं नाही. आत आम्ही तिघं, काळोख, धूर आणि डिझेलचा वास. बाहेरून तिथले रशियन कॅप्टन पान्याने दारावर सारखे ठोकत होते. "दार उघड की मेल्या, ठोकतोस काय!" मी मराठीत ओरडलो. आम्ही आग विझवली, तासाभराने दार उघडलं, तोवर ते ठोकतच होते. मी त्यांना धड सलामही केला नाही. पुढे ते ॲडमिरल झाल्याचं कळलं, तेव्हाही मला रागच आला.

परवा मी चमचा घेऊन बाथरूमच्या दाराशी बसलो.

"आजोबा, स्टॉप नॉकिंग! जस्ट ओपन द डोअर!" ऋता आतून रडत ओरडली.

दार मला उघडता येत नव्हतं आणि तिला एकटं सोडवत नव्हतं. मी ठोकत राहिलो.