चतुर्थीचा खड्डा

आमच्या भौतिकशास्त्र विभागात दरवर्षी ओळखीचा तास होतो. एम.एस्सी.ला नवी मुलं आली की पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारी, दुपारी तीन वाजता, पीएच.डी. करणारे आम्ही सहा जण त्यांच्यासमोर उभे राहतो आणि "आम्ही तुमचे मेंटॉर, काहीही अडलं तर या" असं सांगतो. प्रत्येकाला तीन मिनिटं आणि एक स्लाइड. वेळ मोजायला प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच, ते सेकंदाचा शंभरावा भागही दाखवतं. मागच्या वर्षी एकाने तीन मिनिटांवर चार शतांश सेकंद जास्त घेतले, तर त्या बिचाऱ्याला आम्ही दिवाळीपर्यंत चिडवत होतो.

कुठे थांबावं ते आम्हा लोकांना कळत नाही, हे मी आधीच कबूल करते. या वर्षी एकाने स्लाइडवर स्वतःची उंची लिहिली होती आणि पुढे 'अर्धा सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे'. दुसऱ्याने 'छंद' या मथळ्याखाली कपातला चहा किती वेळात थंड होतो त्याचा आलेख टाकला होता. माझी स्लाइड मात्र एकदम सोज्वळ होती. परिषदेत पोस्टरपुढे उभी असलेली मी, हातात प्रशस्तिपत्र, खाली दोन शोधनिबंधांची नावं. ती बघून मला स्वतःबद्दलच आदर वाटायला लागला.

माझ्या शेजारच्या टेबलावर खाडीकाठच्या दिवाळे गावचा एक मुलगा काम करतो. घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, आणि हा लेझर घेऊन बसलाय. माझा जिवलग मित्र आणि अत्यंत आगाऊ प्राणी. सराव करताना त्याने माझी स्लाइड मान वाकडी करून पाहिली आणि म्हणाला, "भारी आहे गं. फक्त डबा कुठे दिसत नाही."

मी त्याला डस्टर फेकून मारलं. डब्याची गोष्ट तोवर जगात फक्त आम्हा दोघांना आणि त्याच्या आईला ठाऊक होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, तेव्हा सांगून टाकते.

माझं काम चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं. आमचं यंत्र फार हळवं आहे. बाहेरच्या रस्त्यावरून तुर्भ्याकडे ट्रक गेला तरी त्याचा आकडा हलतो, म्हणून त्याला मागच्या बाजूला तळघरात ठेवलंय. मी रोज सकाळी दहाला तिथे जाते आणि एक वाजता जेवायला उठते. दुसऱ्या वर्षी पाच महिने सलग, रविवारसकट, मोजमापं घेतल्यावर मला दिसलं की रोज दहा ते एक आकडा जरा वर चढलेला असतो. मी म्हटलं, लोक येतात, लिफ्ट चालू होते, पंखे लागतात, हा झाला इमारतीचा रोजचा गोंगाट. त्याची सरासरी काढली आणि वजा करून टाकली. आलेख छान सपाट झाला. फक्त पाच ठिकाणी खड्डे उरले. पाच महिन्यांत पाच खड्डे, आणि दर दोन खड्ड्यांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस.

चंद्र! दुसरं काय असणार?

मी तळघरात एकटीच नाचले. खाडी इथून जवळ, खाडीचं पाणी खारं, खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, चंद्र पाणी ओढतो, पाणी हललं की क्षेत्र हलतं. सगळं कसं बसत होतं! फोनमध्ये चंद्राचं वय बघितलं, प्रत्येक खड्ड्याच्या दिवशी तो साधारण अठरा-एकोणीस दिवसांचा. माझ्या मार्गदर्शक मॅडम वर्षातून दोनदा 'बरं आहे' म्हणतात. त्या दिवशी त्यांनी आलेख पाहिला आणि चष्मा काढून पुन्हा पाहिला. मी त्या रात्री झोपेत बक्षिसं घेत होते.

मित्र म्हणाला, "खाडीचं पाणी ना? मग आईला विचारू. तिच्याइतकं भरतीचं आपल्या डिपार्टमेंटला कळत नाही."

रविवारी आम्ही दिवाळ्याला गेलो. त्याची आई अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटत होती. मी मोठ्या ऐटीत पाच तारखा वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "मोठं पानी पुनवेला न् अवसेला येतं. हे दिस तू कुठून काढलेस?" मग तिने घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर मागवलं आणि ओल्या बोटाने एकेक तारीख दाबत गेली. "ही तर संकष्टी हाय गो. ही पन संकष्टी. ही पन. ही पन."

मी कॅलेंडर ओढून घेतलं आणि पाचवी तारीख स्वतः बघितली. तीही संकष्टीच.

त्याचं असं आहे की संकष्टी मी करते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वडील तुर्भ्याच्या मार्केटात माल उतरवतात, आणि मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तेव्हा आईने परस्पर माझ्या नावाने संकष्टी बोलून टाकली. देवाला मी घाबरत नाही, पण आईला घाबरते. डिपार्टमेंटमध्ये ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, कारण त्यांनी मला जगू दिलं नसतं. बाकी सगळे दिवस आई मला स्टीलचा डबा देते, वर घट्ट लोखंडी कडीचा. फक्त एका दिवशी ती दारातच सांगते, "आज संकष्टी हाय, डबा न्हाय." आणि तो डबा मी रोज दहा ते एक कुठे ठेवायची? यंत्राच्या टेबलाच्या खणात. बरोबर यंत्राच्या खाली.

म्हणजे रोजचा गोंगाट म्हणून मी पाच महिने वजा केली ती माझ्या आईची भाजी-पोळी. आणि चंद्राचा परिणाम म्हणून मॅडमना दाखवला तो माझा उपास.

मित्र इतका हसला की त्याला पाठीत धपाटे घालावे लागले. मीही हसले, नंतर थोडं रडलेसुद्धा. त्याची आई आम्हा दोघांकडे काळजीने बघत होती. सोमवारी मी मॅडमना लिहून दिलं की वायरिंगमध्ये दोष होता, दुरुस्त केलाय. मॅडम "बरं" म्हणाल्या. मित्राने तोंड बंद ठेवलं आणि त्याबद्दल वर्षभर माझ्या डब्यातली अर्धी बटाट्याची भाजी खाल्ली.

आता त्या शुक्रवारकडे येते. सकाळी मी झेरॉक्स काढायला गेले. मशीनचं झाकण उचललं तर आत कोणाचा तरी कागद राहिलेला. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज. नाव, पत्ता तळवलीचा, आणि 'कारण' या रकान्यात गोल, नीटनेटक्या अक्षरात लिहिलेलं: मला जमणार नाही. त्या अर्जाची शेवटची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचची होती. मी कागद हातात धरून उभी, तेवढ्यात एक बारीकशी मुलगी धावत आली. "ताई, तो माझा आहे." मी दिला. तिने मी वाचला का ते विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गप्प राहिले म्हणून मला स्वतःचाच राग आला. हिला जमणार नाही असं हिला कोणी सांगितलं? पाच दिवसांत?

तीन वाजता ओळखीचा तास सुरू झाला. ती शेवटच्या बाकावर होती, दप्तर खांद्यालाच. मॅडमही मागेच बसल्या होत्या, त्या दरवर्षी येतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. माझ्या मित्राच्या हातात स्टॉपवॉच. एकामागून एक आमचे वीर उठले. एकाने परदेशातली प्रयोगशाळा दाखवली. उंचीवाल्याने तीन शोधनिबंध. चहावाल्याने, काय सांगू, चहाच्या आलेखावरसुद्धा टाळ्या मिळवल्या. आणि दर स्लाइडला ती मुलगी बाकात थोडी थोडी खाली जात होती. घड्याळाकडे बघत होती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, की हे सगळे हुशार आहेत आणि मी चुकून आले.

माझी पाळी आली. पडद्यावर मी, प्रशस्तिपत्रासह. मित्राने स्टॉपवॉच दाबलं. मी म्हटलं, "नमस्कार, मी तुमची मेंटॉर," आणि पुढचं पाठ केलेलं वाक्य काही येईना. मॅडम समोर. खरं सांगितलं तर मॅडमचा विश्वास जाणार, न सांगितलं तर ती मुलगी जाणार.

"या फोटोतल्या बाईने," मी म्हटलं, "चंद्राचा शोध लावला होता."

आणि मग मी सगळं सांगितलं. तळघर, खड्डे, खाडी, नाच. नाच करूनही दाखवला. बोंबलांपर्यंत आले तेव्हा पहिल्या रांगेतली मुलं हसायला लागली होती. संकष्टीपाशी खोलीत हशा फुटला. आमचा उंचीवाला टेबलावर डोकं आपटत होता. मित्र स्टॉपवॉच विसरून, "आणि डबा खणात, खणात!" असं ओरडत होता, जणू त्याला आजच कळलं. मी रडकुंडीला येईपर्यंत हसले. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं असं धाडकन उतरलं की मला हलकं हलकं, वेड्यासारखं वाटायला लागलं.

मग मॅडम उभ्या राहिल्या.

"तू मला वायरिंगचा दोष लिहून दिला होतास," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम. खोटं लिहिलं होतं. मला लाज वाटली."

"उद्या सकाळी वही घेऊन ये आणि खरं कारण लिही." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की आधी आम्हाला शिंक वाटली. मॅडम हसत होत्या. "पाच महिने, अगं! पाच महिने मीही तो आलेख बघत होते!"

माझी तीन मिनिटं अकरा झाली होती. तो विक्रम अजून अबाधित आहे.

प्रश्न विचारा म्हटल्यावर शेवटच्या बाकावरून एक हात अर्धा वर आला.

"ताई, डबा भरलेला असताना आणि रिकामा असताना आकडा वेगळा येतो का? म्हणजे मग भाजीने होतंय की स्टीलने, ते कळेल ना."

एक वर्ष. एका वर्षात मी हे तपासलं नव्हतं. लाजेपायी डबा वरच्या मजल्यावर ठेवायला लागले आणि विषय संपवला होता.

"तपासलं नाही," मी म्हटलं.

"का?" तिने विचारलं. अगदी साधेपणाने.

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आम्ही सगळे तळघरात होतो. मेंटॉर, नवी मुलं, मॅडम, दहा माणसांच्या जागेत वीसेक जण, आणि ज्याच्या त्याच्या हातात आपापला डबा; तासाच्या तयारीत आम्हा मेंटॉरांचं जेवण राहूनच गेलं होतं. मित्राच्या डब्यात आईने दिलेली सुकट होती, तिच्या वासाने उंचीवाला जिन्यात जाऊन उभा राहिला. मॅडमचा डबा प्लॅस्टिकचा निघाला, आकडा ढिम्म हलला नाही आणि त्या चक्क हिरमुसल्या. माझा डबा भरलेला ठेवला, अधिक एक्केचाळीस. भाजी-पोळी सगळ्यांनी उभ्या उभ्या खाऊन टाकली, रिकामा ठेवला, पुन्हा अधिक एक्केचाळीस. "म्हणजे भाजी निर्दोष!" कोणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. तळवलीची मुलगी खणापाशी उकिडवी बसली होती, दप्तर अजून खांद्यालाच. ती आता सगळ्यांना सूचना देत होती. "हलू नका ना. तुमच्या किल्ल्या बाहेर ठेवा. मॅडम, सॉरी, तुमी पण जरा मागे."

मॅडम मागे सरकल्या.

तिने डब्याची कडी निरखून पाहिली. "ताई, तुम्ही डबा रोज असाच ठेवायचात? कडी उजवीकडे?"

"हो. सवयीने."

"ही लोखंडी कडीच चुंबक झाली असेल, तर फिरवल्यावर आकडाही उलटा यायला हवा ना."

तेव्हा माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. पाचला दहा कमी. ऑफिस वरच्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाला. क्षणभर मला वाटलं, गप्प बसावं. दहा मिनिटं तर काढायची, तिला कळणारही नाही. इतक्या गडबडीत कोणाला घड्याळ दिसतंय? पण आजच एक खोटं उतरवून टाकलं होतं, लगेच दुसरं कुठे डोक्यावर घेऊ.

मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि हळूच म्हटलं, "पाच वाजतायत. सकाळी मी तुझा कागद वाचला होता. जायचं असेल तर आत्ता पळावं लागेल."

तिने खांद्यावरचं दप्तर काढलं, चेन उघडली आणि आतून तो अर्ज बाहेर काढला. माझा चेहरा पडला असणार, कारण माझ्याकडे बघून मित्राचाही पडलेला मला दिसला.

तिने अर्ज टेबलावर उलटा ठेवला, तळहाताने सपाट केला, पाठच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले आणि गोल, नीटनेटक्या अक्षरात लिहिलं: 'कडी उजवीकडे, अधिक एक्केचाळीस.' खाली लिहिलं: 'कडी डावीकडे.' मग एका हाताने खणातला डबा फिरवला.

"ताई, आकडा सांगा," ती म्हणाली.

मी यंत्राच्या पडद्यावर पाहिलं. "उणे," मी ओरडलेच, "उणे एक्केचाळीस!"